मुरमांवर घरगुती उपाय: गोव्याच्या दमट हवेत सुरुवात कुठून करावी

पुळी आठ-दहा दिवसांत बसते. तीच फोडली, चोळली किंवा लिंबाने भाजली, तर मागे राहणारा काळा डाग चवथीला आलेला शिगम्यापर्यंत मुक्काम ठोकतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा हा स्वभाव आहे: जिथे दाह झाला तिथे रंग साठतो. म्हणून स्वयंपाकघरातले काहीही चेहऱ्यावर लावण्याआधी एकच गोष्ट विचारायची, हे झोंबते का? "झोंबतंय म्हणजे काम करतंय" हे वाक्य मी फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून इतक्यांदा ऐकते की आता ऐकताच मान हलते. झोंबतंय म्हणजे कातडी जळतेय, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती उपाय सौम्य मुरमांवर थोडीफार मदत करतात. सूज उतरवतात, तेलकटपणा कमी करतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाताला काहीतरी काम मिळाल्याने पुळ्या फोडायचे सुचत नाही. खोल गाठींच्या मुरमांना ते पुरत नाहीत. एवढे धरून चला आणि पुढे वाचा.

पहिली पायरी: हे मुरूमच आहे ना?

सकाळी चेहरा धुऊन खिडकीच्या उजेडात आरसा धरा. नाकावर, हनुवटीवर काळे ठिपके किंवा कातडीखाली पांढरट दाणे दिसतात का? दिसत असतील आणि त्यांच्यात अधूनमधून लाल, पुवाळलेल्या पुळ्या असतील, तर ती मुरमे. तेलग्रंथीचे तोंड तेलाने आणि मृत पेशींनी बुजते, आत जंतू वाढतात, मग सूज येते. काळा ठिपका मळाने काळा नसतो. छिद्रात अडकलेला ऐवज उघड्यावर हवेला लागून काळवंडतो. त्यामुळे तो घासून निघत नाही, घासल्याने फक्त आजूबाजूची कातडी लाल होते.

गोव्यात मात्र दुसरीही एक शक्यता नेहमी डोक्यात ठेवावी लागते. कपाळावर केसांच्या रेषेलगत, पाठीवर, छातीवर एकाच मापाचे बारीक दाणे, काळे ठिपके नाहीत आणि खाज भरपूर. हे बहुधा मुरूम नव्हे. मॅलासेझिया नावाचे यीस्ट केसांच्या मुळाशी वाढले की असे होते. घाम, दमट हवा आणि तेल यांवर ते पोसते. त्यावर खोबरेल चोळणे म्हणजे त्याला जेवायला वाढणे. मुरमांसाठी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनीही ते वाढू शकते. खाज हीच मोठी खूण. खाज असेल तर पुढचे लेप सोडा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, बुरशीवरचे योग्य औषध मिळाले की लवकर फरक पडतो. घामोळे वेगळे: ते उकाड्यात येते आणि पंख्याखाली, सुती कपड्यांत दोन-चार दिवसांत ओसरते.

दुसरी पायरी: लावण्याआधी काढून टाका

नवखे लोक "काय लावू?" असे विचारत येतात. मी आधी "काय काय लावता?" ते विचारते, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडते.

केसांचे तेल. आपल्याकडे खोबरेलाशिवाय डोके कोरडे राहिले असे वाटते. रविवारी डोक्याला चांगले चोपडून ठेवलेले तेल घामाबरोबर कपाळावर उतरते, रात्री उशीच्या अभ्र्याला लागते आणि अभ्र्यावरून गालाला. खोबरेल बऱ्याच जणांची छिद्रे बुजवते. कपाळावर आणि कानशिलांवरच दाणे असतील तर पहिला संशय तेलावर घ्या. तेल सोडायची गरज नाही. न्हाण्याच्या तासभर आधी लावा, शाम्पूने धुवा, तेल लावून झोपू नका. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून तेल-उटण्याचे अभ्यंग जरूर करा, पण चेहऱ्याला तेल नको आणि उटणे खसाखसा घासू नका. मुरमांवर उटण्याची भरड म्हणजे पॉलिश पेपर.

हेल्मेट. स्कूटरशिवाय गोव्यात पान हलत नाही. हनुवटीखालचा पट्टा आणि गालाला चिकटणारा आतला फोम दिवसभर घाम पितो. हनुवटीच्या कडेला आणि जबड्यावर रांगेत पुळ्या येतात त्यांच्यामागे बऱ्याचदा हाच असतो. फोम निघत असेल तर दर आठवड्याला साबणाने धुवा, निघत नसेल तर आत पातळ सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. हेल्मेट न घालणे हा उपाय नव्हे, हे वेगळे सांगायला नकोच.

टॉवेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काही वाळत नाही. अर्धवट ओल्या, वास मारणाऱ्या टॉवेलने तोंड पुसण्यापेक्षा चेहऱ्यासाठी तीन-चार जुन्या धोतराचे किंवा मऊ सुताचे तुकडे करून ठेवा. रोज एक वापरायचा, धुवायचा, वाळला नाही तर इस्त्री फिरवायची. उशीच्या अभ्र्यालाही हाच नियम.

आणि शेवटी ती ट्यूब. काउंटरवर नायट्याच्या मलमाचे रिकामे खोके ठेवून "हीच द्या, पुळ्यांवर मस्त चालते" असे सांगणारे गिऱ्हाईक येते, तेव्हा मला खरी भीती वाटते. अशा मिश्र मलमांत बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. ते लावले की चार दिवसांत चेहरा उजळतो, पुळ्या दबतात, मैत्रिणी विचारतात काय लावलेस. पुढे काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि मलम बंद करताच पुळ्या दुपटीने उसळतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे परिशिष्ट एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. "गोरे करणाऱ्या" नाव नसलेल्या डब्यांतही हेच असू शकते. दोन-तीन महिन्यांहून जास्त वापरत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा, नाहीतर उसळी सहन होत नाही.

तिसरी पायरी: रोजचा साधा क्रम

लेप हा वरचा भाग, पाया रोजच्या धुण्यात आहे. दिवसातून दोनदा, आणि घाम गाळून आल्यावर एकदा, सौम्य फेसवॉशने कोमट नव्हे तर साध्या पाण्याने तोंड धुवा. अंगाचा साबण नको. कातडीचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितके आम्ल जास्त), 5 च्या आसपास असतो आणि वडीचा साबण साधारण 9-10 असतो, त्यामुळे धुतल्यावर जी "करकरीत स्वच्छ" भावना येते ती वास्तविक कातडीवरचा संरक्षक थर गेल्याची आहे. चेहरा तेलकट असला तरी हलके, पाण्यासारखे मॉइश्चरायझर लावा. कोरडी पडलेली कातडी लेपांनी लवकर चिडते. सकाळी बाहेर पडताना किमान 30 एसपीएफचे जेल सनस्क्रीन. गोव्यात हे चैनीचे नाही, कारण उन्हात डाग आणखी गडद होतात.

हे एवढेच दोन आठवडे करा. लेपाचे नाव काढू नका. पुष्कळांचे निम्मे काम इथेच होते, आणि झाले तर पुढच्या पायऱ्या वाचायचीही गरज उरत नाही.

चौथी पायरी: एकच उपाय, आधी हातावर

हळद, मध, कोरफड, लिंबू, बेसन, सगळे एका वाटीत कालवून लावायची हौस आवरा. चेहरा चिडला तर दोष कुणाचा ते कसे कळणार? एका वेळी एक. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ लावा आणि धुवा. असे दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. ऍलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असे नाही, ती पाचव्या-सहाव्या दिवशीही उगवते. लाली, खाज, पुरळ आले तर तो उपाय तुमच्यासाठी नाही, मग तो आजीचा असो की डॉक्टरीणबाईंचा.

फोटो काढा: पहिल्या दिवशी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, मग दर पंधरा दिवसांनी. मनावर विसंबू नका, आरशात रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. छिद्र बुजण्यापासून पुळी वर येण्यापर्यंत कित्येक आठवडे जातात, म्हणून कोणत्याही उपायाला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. लग्नाला आठ दिवस असताना नवे काही सुरू करू नका. पुळी चालेल, लाल झालेला चेहरा नाही.

पाचवी पायरी: काय लावायचे

माझ्या लेखी सगळ्यांत भरवशाचा घरगुती उपाय कुठल्याही झाडाला लागत नाही: गरम आणि गार पाण्याचा. खोल, दुखणारी, तोंड नसलेली गाठ आली की बर्फाचा खडा स्वच्छ रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटे धरा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा एकदा. बर्फ थेट कातडीला लावू नका. पुढे पांढरे तोंड दिसले की उलट करा: कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापड दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. पू आपसूक बाहेर येतो. नखे लावायची नाहीत, विशेषतः नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या भागात.

कोरफड. अंगणात कुंडी असेल तर बाहेरचे, खालचे, जाड पान बुडातून कापा आणि कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटे पेल्यात उभे ठेवा. पेल्याच्या तळाशी पिवळसर, कडवट वासाचा चीक जमतो. तो कातडीला झोंबतो, कित्येकांना "कोरफड सोसत नाही" ते खरे तर त्याच्यामुळे. चीक गळल्यावर पान पाण्याखाली धुवा, कडेचे काटे कापा, वरची साल सोलून आतला पारदर्शक गर चमच्याने काढा, पुन्हा एकदा धुवा आणि वाटा. चेहऱ्यावर पातळ थर, पंधरा मिनिटे, धुवा. हा गर पुळ्या घालवतो असे मी म्हणणार नाही, पण लाली शमवतो आणि कोरडेपणा येऊ देत नाही. फ्रिजमध्ये दोन दिवसच टिकतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर आठवडाभर रोज एकेक काढता येतो.

मुलतानी माती. नाक-कपाळ तेलाने चकाकत असेल तरच. दोन चमचे माती, लागेल तेवढे पाणी, दह्याएवढे दाट. आठ-दहा मिनिटे ठेवा आणि ओलसर असतानाच धुवा. वाळून भेगा पडेपर्यंत ठेवण्याची रीत चुकीची आहे, तोवर ती तेलाबरोबर पाणीही ओढून घेते. आठवड्यातून एकदा पुरे. गुलाबपाणी घातले तर वासाला बरे, गुणाला तेवढेच.

मध. साखर जास्त, पाणी कमी, म्हणून जंतूंना त्यात वाढणे जमत नाही. सत्तरीच्या जंगलातला मध मिळाला तर तो खायला ठेवा, चेहऱ्याला साधाही चालतो, फक्त शुद्ध हवा. फुटलेल्या नसलेल्या पुळ्यांवर पातळ थर, पंधरा मिनिटे. उघड्या जखमेवर घरातला मध लावू नका, तो निर्जंतुक केलेला नसतो.

हळद. दह्यात किंवा कोरफडीच्या गरात चिमूटभर, चिमूटभरच. जास्त घातली तर दोन दिवस कावीळ झाल्यासारखे फिरावे लागते आणि टॉवेल कायमचा गेला. रंग मिसळलेली बाजारी पूड चेहऱ्याला नको. घरी वाळवून दळलेली असेल तर उत्तम. हळदीत सूज कमी करणारे गुण आहेत, पण कातडीतून ती फारशी आत जात नाही, म्हणून चमत्काराची वाट पाहू नका.

कडुनिंब. मूठभर पाला दोन पेले पाण्यात उकळून, गार करून, गाळून शेवटचे तोंड धुवायला वापरा. त्याच दिवशी संपवा. निंबाचे तेल थेट चेहऱ्याला नको.

जायफळ. फोंड्याकडच्या कुळागरांमुळे, म्हणजे माड-पोफळींच्या बागायतींमुळे, आपल्याकडे ते ताजे, तेलाने गच्च असलेले मिळते. सहाणेवर दुधाचे चार थेंब, जायफळाचे सात-आठ वळसे, आणि तपकिरी लेपाचा वास ओसरीपर्यंत पोचतो. आजीचा हा उपाय मला आवडतो, पण तो पूर्ण चेहऱ्याचा नाही. जायफळातले तेल झणझणीत असते. पुळीच्या टोकावर टिकलीएवढा, दहा मिनिटे, तोही हातावर तपासून. ज्यांची कातडी नाजूक त्यांनी नकोच.

टी ट्री तेल घरचे नाही, पण हल्ली प्रत्येकीच्या कपाटात असते. 5 टक्क्यांच्या टी ट्री जेलची 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी तुलना 1990 साली ऑस्ट्रेलियात झाली. दोन्हींनी मुरमे कमी झाली, टी ट्रीने हळू, पण त्रासही कमी. म्हणजे दमदार आहे, पण पातळ करूनच. एक चमचा कोरफडीच्या गरात आधी दोन थेंब, सोसले तर पुढे चार-पाच. बाटली उघडून वर्ष झाले असेल तर टाकून द्या, जुन्या तेलाने ऍलर्जी लवकर होते.

मुठेल, म्हणजे भिरंडांच्या (कोकमाच्या) बियांचे घट्ट तेल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून मिळते. टाचांच्या भेगांना, पावसात फुटलेल्या ओठांना त्याच्यासारखे दुसरे नाही. तेलकट, पुळ्या आलेल्या चेहऱ्याला मात्र नको. अंगावर पित्त उठले की आमसूल चोळतात, ती रीत मुरमांवर आणू नका. आगळ, म्हणजे भिरंडांचा खारवलेला रस, तोही आंबट, म्हणजे आम्लच.

काय कधीही नको

लिंबू सर्वांत वर. रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो, हे एक. दुसरे गोव्यापुरते जास्त गंभीर: लिंबाच्या सालीत-रसात असलेली काही द्रव्ये उन्हाबरोबर मिळून कातडी भाजतात. किनाऱ्यावर लिंबू-सोडा किंवा मार्गारिटा करणाऱ्यांच्या हातांवर रस ओघळतो, ऊन लागते, एक-दोन दिवसांनी फोड आणि मग तपकिरी ओघळांचे डाग, कित्येक आठवडे. हेच चेहऱ्यावर व्हायला मार्च-एप्रिलची एक दुपार पुरते.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, पपईचा चीक, लसणाची पाकळी: सगळी भाजणारी मंडळी. "अल्कोहोलच ना" म्हणून हुर्राक किंवा फेणी लावणारेही भेटतात. फेणीला 2009 साली जीआय मानांकन मिळाले ते पिण्यासाठी. काजूच्या ओल्या बियांचे तेल आणि बिब्बा तर चेहऱ्याच्या आसपासही नको, दोन्हींनी पाण्याचे फोड येतात. हंगामात काजू सोलताना हात गालाला लावण्याची सवय असेल तर तेवढे जपा. आंब्याचा चीकही त्याच घराण्यातला.

मे महिन्यात समुद्रस्नानाला जात असाल तर जा. खाऱ्या पाण्याने तेल थोडे कमी होते, पण मीठ वाळून कातडी ओढली जाते. घरी येऊन गोड पाण्याने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा.

खाण्याचे थोडक्यात: मासळी "उष्ण" म्हणून बंद करू नका, तिचा मुरमांशी संबंध दाखवता आलेला नाही. साखर, मैदा, गोड पेये यांनी काहींची मुरमे वाढतात, दुधानेही काहींची. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनचा डबा महिनाभर बाजूला ठेवून पाहावा, आमच्याकडे येणाऱ्यांत त्याने फरक पडलेले बरेच आहेत.

डॉक्टरांकडे कधी

आठ आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवून फरक दिसत नसेल तर. खड्डे पडू लागले असतील, खोल गाठी असतील, तर आठ आठवडेही थांबू नका, खड्डा भरून काढणे पुळी घालवण्याहून फार कठीण असते. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय-संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी हवी, ते लेपाचे काम नाही. गरोदरपणात काहीही नवे सुरू करण्याआधी विचारा, आणि मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कुणाच्या उरलेल्या घेऊ नका, त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येते.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा. चेहरा धुऊन जा, मेकअप नको. आतापर्यंत जे जे लावले त्याची यादी न्या, घरगुती लेपांसकट, आणि लाजू नका, त्यांनी सगळे ऐकलेले असते. वापरलेल्या प्रत्येक ट्यूबचे खोके सोबत ठेवा. विशेषतः ती नायट्याची.